उत्तर चुकलं नव्हतं : कॉलनीतल्या काकांना जाहीर धन्यवाद

काका, तुमच्या तोंडावर बोलले असते तर तुम्ही "अगं त्यात काय" म्हणून विषय बदलला असता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

पोरगी दहावीपर्यंत मराठी मिडियम, अकरावीला सायन्स घेतलं आणि सगळं एकदम इंग्रजीत. फिजिक्स कसंबसं चाललं होतं पण केमिस्ट्रीत मोल (पदार्थ किती आहे ते मोजायचं माप) आला आणि गाडी अडली. आम्ही क्लास लावला, फी आधीच पूर्ण घेतली त्यांनी, आणि पोरीने शंका विचारली की सरांचं एकच, "हे नववीतलं आहे, बेसिक कच्चं आहे तुझं." कच्चं आहे हे आम्हालाही कळतं हो, पक्कं करायलाच तर पाठवलं होतं! मला बोलावून काय सांगितलं तर अजून वेळ आहे, आर्ट्सला टाका. त्या रात्री ती जेवली नाही.

मग तुमच्याकडे आली. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आयुष्य गेलेला माणूस, रिटायर झाल्यावर निवांत बसायचं सोडून दुसऱ्याच्या पोरीची वही घेऊन बसलात.

ते गणित मला आता पाठ झालंय. ५० ग्रॅम चुनखडी पूर्ण तापवली तर चुना किती मिळेल? पोरीचं उत्तर २२ ग्रॅम. क्लासमध्ये त्याच्यावर लाल पेनाने या टोकापासून त्या टोकापर्यंत फुली. तुम्ही पेन्सिल घेतलीत आणि एकेका ओळीला बरोबरची खूण करत गेलात. समीकरण बरोबर. कॅल्शियम ४०, कार्बन १२, तीन ऑक्सिजनचे ४८, मिळून चुनखडीचा एक मोल १०० ग्रॅम, बरोबर. ५० ग्रॅम म्हणजे अर्धा मोल, बरोबर. मग तिने अर्ध्याला ४४ ने गुणलं होतं तिथे नुसता गोल केलात आणि विचारलंत, "हे ४४ कुणाचं?" ती दोन मिनिटं बघत बसली आणि एकदम ओरडली, "आजोबा, हा तर कार्बन डायऑक्साइड!"

आणि तुम्ही म्हणालात, "उत्तर चुकलं नाही बाळा, दुसऱ्या प्रश्नाचं आहे. गॅस किती उडून गेला असं विचारलं असतं तर पूर्ण मार्क." मग तिनेच ५० मधून २२ वजा केले, २८ आले, परत चुन्याच्या ५६ ने अर्ध्याला गुणून बघितलं, तरी २८च. मग लॅव्हाझिए नावाचा जुना फ्रेंच शास्त्रज्ञ बंद भांड्यात वस्तू तोलून आधीचं आणि नंतरचं एकूण वजन सारखंच राहतं हे कसं बघायचा, कारखान्यात उसाच्या रसात चुना आणि सल्फरचा धूर सोडून गाळ कसा खाली बसवतात, चुना जास्त झाला तर रस कसा काळवंडतो, हे सगळं तुम्ही सांगत होतात आणि पोरगी जेवायचं विसरून ऐकत होती. या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही.

मला सगळ्यात भिडली ती पेन्सिलची खूण. काय चुकलं ते दाखवणारे पैशाला पासरी मिळतात काका, पण कुठपर्यंत बरोबर आलीस हे दाखवायला समोरच्याचं लिहिलेलं आधी नीट वाचावं लागतं. तेवढं वाचायला क्लासवाल्यांना वेळ नव्हता, तुम्ही चष्मा पुसून पुसून ओळ न् ओळ वाचलीत. अशी माणसं गावोगाव असतात, बँकेत फॉर्म भरून देणारी, दवाखान्यात अनोळखी माणसाचा केसपेपर काढून देणारी, त्यांचं नाव कुठे छापून येत नाही आणि लोकांची कामं मात्र त्यांच्यामुळेच होतात. तुम्ही त्यातले.

आता ती स्वतःच आधी बरोबरच्या खुणा करते, मग अडलं कुठे ते शोधते. क्लास सोडलाय. फी परत मिळाली नाही, जाऊ दे.

लिमिटिंग रिएजंट (दोन पदार्थांतला आधी कोणता संपतो ते) सुरू झालंय, शनिवारी ती वही घेऊन येईल, सोबत एक मैत्रीणही येऊ का विचारतेय. फी तर तुम्ही घेत नाही, निदान पुरणपोळ्यांचा डबा तरी परत पाठवू नका. काकूंना नमस्कार सांगा.