मारव्याला रडका म्हणू नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

मधे तुमच्या पुरवणीत एक सल्ला छापून आला होता, मूड ऑफ असेल तेव्हा उदास गाणी ऐकू नका, काहीतरी उडत्या चालीचं लावा. वाचून हसूच आलं. बाबा गेले तेव्हा मी हेच करून पाहिलं होतं, मित्रांनी प्लेलिस्टवर प्लेलिस्ट पाठवल्या, सगळी नाचरी गाणी, आणि प्रत्येक गाणं संपलं की घर अजूनच रिकामं वाटायचं.

मग एका संध्याकाळी वैतागून ते सगळं बंद केलं आणि गायक अमीर खांसाहेबांचा मारवा राग लावला. आता मारवा म्हणजे कसा, तर पंचम (प) नाही म्हणजे नाहीच, रिषभ (रे) कोमल, मध्यम (म) तीव्र, आणि षड्ज, म्हणजे सा, जो खरं तर गाण्यातलं घर, तिथे गायक लवकर यायलाच तयार नसतो. नि, रे, ध यांच्यात घुटमळत राहतो, दारापर्यंत येतो आणि परत फिरतो. तानपुऱ्यातसुद्धा पंचमाच्या जागी निषाद म्हणजे नि लावतात (कुणी धैवत म्हणजे धही लावतं), म्हणजे टेकायला तेवढाही आधार नाही. त्यात खांसाहेबांची ती अतिविलंबित, अगदी संथ लय, कसली घाई नाही, कुणाची समजूत काढणं नाही. अंधार पडला तरी मी दिवा लावायला उठलो नाही. बऱ्याच वेळाने आवाज एकदाचा सा वर येऊन थांबला ना, तेव्हा छातीत इतके दिवस अडकून बसलेलं काहीतरी सुटलं, आणि मग मी नीट रडलो, तोवर नुसता चिडचिड करत होतो.

घरातले म्हणाले काय हे सुतकी लावलंयस. अहो, नाट्यशास्त्रवाल्या भरतमुनींनी करुणालाही रसच म्हटलंय ना, शृंगार आणि हास्याच्या पंगतीला बसवलंय, मग आपणच त्याला एवढं का घाबरतो? आणि सगळी उदासी काही एकसारखी नसते. दरबारी रागातला तो आंदोलित, झुलता गंधार (ग) ऐका, दुःख आहे पण मान ताठ. जोगिया राग मात्र पहाटे एकट्याने लावायची माझी अजून हिंमत होत नाही, खरं सांगतो.

मैफलीत जाऊन ऐकावं तर तिथे वेगळीच तऱ्हा. मारवा ऐन सूर्यास्ताचा राग, पण सत्कार, शाली, मनोगतं यात दिवस कधीच बुडालेला असतो, मग गायक पुढच्या प्रहराचं काहीतरी घेतो आणि शेवटी आयोजक चिठ्ठी पाठवतात की आता जरा हलकंफुलकं होऊ द्या. भाषणं मध्यंतरानंतर ठेवली तर काय बिघडेल?

गंमत म्हणजे बाबांना स्वतःला मारवा अजिबात आवडायचा नाही, ते यमनवाले. यमन मी अजून लावलेला नाही.

— आपला एक वाचक