सांगलीहून भुजला

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझी बदली भुजला झाल्याचं कळलं आणि तुझा हेवाच वाटला. आपल्याकडे पायाखाली सगळा काळा कातळ. हा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला, आणि इक्थिओसॉर, म्हणजे डायनासोरांच्या काळातले समुद्रात राहणारे सरपटणारे प्राणी, त्याच्याही सुमारे अडीच कोटी वर्षं आधीच संपले. इथे त्यांचं हाडूकही मिळायचं नाही. तुझ्याकडे मात्र लोडाई गावाजवळ जवळपास अख्खा सांगाडा मिळाला, सुमारे साडेपाच मीटरचा. २०१७ साली त्यावर शोधनिबंध आला.

मला ओढ आहे ती हे प्राणी पोहायचे कसे याची. मागे भिलवडीच्या बाजूला नदीत मगर उतरताना पाहिली. पाय तिने अंगालगत घेतले आणि नुसती शेपटी डावी-उजवीकडे वळवत निघाली, खांदेसुद्धा हलले नाहीत. इक्थिओसॉरची शेपटीही तशीच आडवी फिरायची. बाहेरून तो थेट डॉल्फिन, पण डॉल्फिनची शेपटी वर-खाली चालते. त्याचे पूर्वज जमिनीवर धावताना पाठीचा कणा वर-खाली वाकवणारे सस्तन प्राणी. याचे पूर्वज सरड्यासारखे अंग कडेला वळवत चालणारे. दोघांनी समुद्र गाठला, आकार सारखा झाला, तरी कण्याची सवय काही सुटली नाही. मला याचं फार अप्रूप वाटतं रे. आणखी एक गंमत बघ: इक्थिओसॉरचा कणा शेपटीत खाली वळून पराच्या खालच्या पात्यात शिरतो, वरच्या पात्यात हाडच नाही. जर्मनीत होल्झमाडेनच्या खडकात कातडीचे ठसे उमटलेले सापडले, तेव्हा त्या पात्याचा आकार नक्की कळला.

प्लेसिओसॉर या त्या काळातल्या दुसऱ्या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्यांची तऱ्हा निराळी. चारही पाय वल्ह्यासारखे, जवळजवळ एकाच घडणीचे. इंग्लंडमधल्या संशोधकांनी त्यांचा यांत्रिक नमुना पाण्यात चालवला. पुढच्या वल्ह्यांनी उठवलेले भोवरे बरोबर वेळेवर गाठले, तर मागच्या वल्ह्यांना ६० टक्क्यांपर्यंत जास्त रेटा मिळतो.

दिवाळीनंतर येतोच आहे. तोवर लोडाईकडे गेलास तर खडकाचे थर आणि अमोनाइट (गुंडाळलेल्या शंखासारखे दिसणारे, नामशेष समुद्री जीवांचे जीवाश्म) दिसले तर त्यांचे फोटो पाठव. काही उचलू मात्र नकोस. त्या सांगाड्याचं वय त्याच खडकातल्या अमोनाइटवरून ठरवलंय, आणि तुकडा जागचा हलला की तो कोणत्या थरातला हे कुणालाच सांगता येत नाही. फोटोत शेजारी पट्टी ठेव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विजय