माऊच्या कपाळावरचा डाग

आई,
साष्टांग नमस्कार. काल कॉलवर तू आवाज एकदम खाली आणून म्हणालीस ना, की शेजारच्या काकू म्हणतायत वहिनीने ग्रहणात भाजी चिरली म्हणून माऊच्या कपाळावर तो लाल डाग आला, तेव्हा मागे दारात वहिनी दुपट्यांच्या घड्या घालत उभी होती आणि तिचे हात थांबलेले मला स्क्रीनवर दिसले. तुला दिसले नसतील, तुझी पाठ होती. रात्री झोपच लागेना म्हणून लिहायला बसले, कॉलवर नीट बोलणं होतच नाही, नेमकी कुकरची शिट्टी तरी होते नाहीतर कुणी पाव्हणे तरी येतात.

पहिली गोष्ट, चिऊ आणि माऊ दोघी एकाच पोटात होत्या. वारसुद्धा एकच, डॉक्टरच म्हणाले ना की एकाच अंड्यातून झालेल्या जुळ्या. मग ग्रहणाला कसं कळलं की चिऊला सोडायचं आणि माऊलाच धरायचं? काकूंना विचार बरं.

त्या डागाला पोर्ट वाईन स्टेन म्हणतात, कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात म्हणून तो लाल दिसतो. बाळ घडताना एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार असं होत जातं, आणि दर वेळी आतली सगळी पोथी, म्हणजे डीएनए, पहिल्यापासून उतरवून काढावी लागते, मग कुठेतरी एखादं अक्षर चुकतंच. बहुतेक वेळा काही बिघडत नाही. पण अशा बहुतेक डागांमध्ये जीएनएक्यू नावाच्या जीनमधलं एकच अक्षर बदललेलं असतं, हे 2013 साली सापडलं. ते ना आईकडून आलेलं ना बापाकडून, पोटातच एका पेशीत घडलेलं, आणि त्या पेशीची पिल्लावळ जिथे पसरली तिथे डाग. चिऊमध्ये ती चूक झाली नाही, माऊमध्ये झाली. बस, एवढंच. वहिनीने काय खाल्लं, कुठे बसली, कुणाचं तोंड पाहिलं, कशाचाही संबंध नाही.

इथे एडिंबऱ्याला माझी घरमालकीण आहे ना, ती रिटायर होण्याआधी इथल्या रॉझलिनला लॅबमध्ये होती, ती क्लोन केलेली डॉली मेंढी जिथे झाली तिथेच. (डॉली आता इथल्या म्युझियममध्ये पेंढा भरून काचेत उभी आहे, मी जाऊन बघून आले, आपल्या शेळीसारखंच उर्मट तोंड.) तिनेच मला बोटांच्या ठशांचं सांगितलं, 2023 मध्ये एडिंबऱ्याच्याच लोकांनी ते शोधलंय. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाळाच्या बोटावर तीन जागांवरून रेघा उठायला लागतात, मधून, नखाखालून आणि पेराच्या घडीपासून, आणि पाण्यात तीन खडे टाकल्यावर तरंग पसरतात तशा पसरतात. कुठली लाट आधी उठली, कुठे जाऊन भिडली, त्यावर ठरतं भोवरा होणार की कमान. त्यामुळे एका अंड्यातल्या जुळ्यांचेही ठसे वेगळेच. आपल्या चिऊ-माऊचं पाच वर्षांनी आधारला बायोमेट्रिक करायला न्याल तेव्हा मशीन एकीला दुसरी समजणार नाही, घरात तुम्ही रोज समजता तशी.

अजून एक गंमत, तीही माऊचीच. 2001 साली अमेरिकेत टेक्सासला पहिली क्लोन मांजर झाली, मूळ मांजर तीन रंगांची, आणि ही निघाली पट्टेवाली करडी-पांढरी, नारंगीचा एक केस नाही! मादीच्या प्रत्येक पेशीत एक्स नावाची दोन गुणसूत्रं असतात, त्यातला एक गर्भातच बंद पडतो, कुठल्या पेशीत कुठला ते नशिबाचा खेळ, आणि ज्या पेशीपासून ही मांजर केली तिच्यात नारंगी रंगवाला एक्स बंद पडलेला. म्हणजे नक्कल करायला बसले तरी नक्कल झाली नाही.

आणि हो, वजनाचं. चिऊ 2.1 आणि माऊ 1.7 होती त्यावरूनही वहिनीला ऐकवू नका की हिला पुरेसं मिळालं नाही. वार एकच असली तरी वाटणी समान होत नाही, नाळ कुठे चिकटली त्यावर जातं.

आता कामाचं. डाग कपाळावरून पापणीवर आलाय म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवाच, अशा काही बाळांच्या डोळ्यातलं प्रेशर वाढतं, काचबिंदू होतो, लवकर कळलं तर बरं. बालरोगवाल्यांनाही सांगा, काहींना फिट्स येतात म्हणून ते विचारतील. घाबरायचं नाही, पण टाळायचंही नाही, 'मोठी झाली की जाईल' असं करू नका, तो आपोआप जात नाही. लेझर करून फिका होतो, ते डॉक्टरांना विचारा. खर्चाचं दादाशी मी बोलते. हळद, साय, कुणी दिलेला पाला, काही लावायचं नाही, काकूंनी दिलेला तर अजिबात नाही.

वहिनीला हे पत्र वाचायला दे. तू वाचून सारांश सांगू नको, तिलाच दे.

आणि फोटो पाठव. गेल्या महिन्यातल्या सगळ्या फोटोंत माऊचं तोंड डावीकडे वळवलंय नाहीतर टोपडं भुवईपर्यंत ओढलंय, ते मला कळलंय. टोपडं काढून समोरून काढ.

तुझी,
ताई