व्हँकूव्हरहून घरी

व्हँकूव्हर,
१५ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मी येथे खुशाल आहे. मागच्या रविवारी फोनवर बाबांनी एकामागून एक प्रश्न विचारले आणि एकाचेही उत्तर धड पुरे होण्याआधी फोन आजीच्या हाती गेला, म्हणून सगळे सविस्तर लिहीत आहे. जेवणखाण, खोली आणि खोलीतल्या मुली यांविषयी नवे काही नाही. पाऊस आहे, पण तो येथे हिवाळाभर असतोच. आई, थर्मल मी रोज घालते.

कामाचे सांगते. अॅनिमेशन स्टुडिओत माझी विद्यार्थी म्हणून उमेदवारी चालू आहे आणि ती जूनअखेरपर्यंत आहे. सध्या कोणत्या चित्रपटाचे काम चालले आहे ते मला सांगता येत नाही, कारण रुजू होतानाच गोपनीयतेच्या करारावर सही करावी लागली. पोरगी काहीतरी लपवते आहे असा अर्थ आत्याने काढला असल्याचे दादाकडून कळले. तिला कृपया सांगावे की येथे माझ्या शेजारी बसणारे, दोन मुलांचे वडील असलेले गृहस्थसुद्धा स्वतःच्या मुलांना काही सांगत नाहीत. सरावासाठी दिलेल्या शॉटबद्दल मात्र मी लिहू शकते. एक म्हातारा जमिनीवरची जड पेटी उचलून टेबलावर ठेवतो, एवढाच तो शॉट. लांबी पाच सेकंद, सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे एकूण १२०. आधी मुख्य पोझ ठरवायच्या आणि मग एकीतून दुसरीत जायचे. मधल्या चौकटी संगणक आपोआप भरतो असे लोक समजतात, आणि तो भरतोही, पण त्याने भरलेली हालचाल पाण्यावरच्या ओंडक्यासारखी नुसती सरकत राहते. आमच्या सुपरवायझर बाई सकाळच्या डेलीजमध्ये, म्हणजे सर्वांचे शॉट मोठ्या पडद्यावर लावून तपासतात तेव्हा, माझा शॉट पाहून एवढेच म्हणाल्या की पेटी रिकामी दिसते आहे.

मग मी घरी तांदळाची गोणी उचलताना स्वतःचे मोबाइलवर चित्रण केले आणि ते चौकट चौकट सरकवून पाहिले. हात आधी ताठ होतात, खांदे खाली ओढले जातात, कंबर मागे जाते, एक पाऊल जरा बाहेर सरकते आणि एवढे सगळे झाले तरी गोणी काही चौकटी जागची हलत नाही. वजन दिसते ते त्या न हलण्यातच. तेवढा थांबा मी शॉटमध्ये घातला, कंबरेच्या हालचालीचे आलेख हाताने दुरुस्त केले, आणि पेटी भरली. हे असले काम दिवसभर चालते. मोठ्या चित्रपटावर एका अॅनिमेटरच्या हातून आठवड्याला जेमतेम काही सेकंद पुरे होतात, त्यामुळे “सहा महिन्यांत किती केलेस” या बाबांच्या प्रश्नाला मी जे उत्तर देईन ते ऐकून त्यांना वाईट वाटण्याचीच शक्यता अधिक.

काकांनी पुन्हा “कार्टून काढायला कॅनडा कशाला” असे विचारले, हेही दादाने सांगितले. काकांना म्हणावे, नाशिकच्या मुलीला हा प्रश्न विचारू नये. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी ज्यांचे स्मारक आहे त्या त्र्यंबकच्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचे चौकट चौकट चित्रण केले होते आणि ती छोटी फिल्म दाखवूनच त्यांनी पुढच्या चित्रपटासाठी भांडवल उभे केले होते. हे काम पुण्या-मुंबईत होत नाही असे माझे म्हणणे नाही. ते होते आणि उत्तम होते. येथे मात्र रोज सकाळी माझा शॉट माझ्यापेक्षा कितीतरी अनुभवी माणसे माझ्यासमोर उकलून दाखवतात, आणि आपण एवढा खर्च केला तो त्यासाठीच.

आता एक गंमत, खास बाबांसाठी. येथल्या बसमध्ये कंडक्टर नसतो. पुढच्या दाराने चढायचे, यंत्रावर कार्ड टेकवायचे आणि बहुधा मागच्या दाराने उतरायचे. उतरताना प्रत्येक माणूस चालकाला मोठ्याने “थँक यू” म्हणतो. पुढच्या दारातून नव्हे, मागच्या दारातून, सगळ्या गर्दीच्या डोक्यावरून, दूर पाठमोऱ्या बसलेल्या चालकाला ऐकू जावे अशा बेताने. शाळकरी मुले म्हणतात, कानात इअरफोन घातलेली कॉलेजची पोरे म्हणतात, नीट उभेही राहता न येणारा, प्यायलेला माणूसही म्हणतो. पहिल्यांदा मला वाटले की चालक त्यांच्या ओळखीचा असावा. मग वाटले की गाडी वेळेवर आली म्हणून म्हणत असावेत, पण गाडी उशिरा आली तरी म्हणतात. चालक कधी हात वर करतो, कधी काहीच करत नाही, आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. येथे बऱ्याच मार्गांवर विजेच्या तारांवर चालणाऱ्या ट्रॉलीबस आहेत. एखाद्या वळणावर छतावरचा दांडा तारेवरून निसटला की चालक भर पावसात उतरून मागच्या दोऱ्या ओढून तो पुन्हा तारेवर बसवतो, आणि त्या दिवशी सगळे जरा जास्तच मोठ्याने म्हणतात. स्कायट्रेन विनाचालक धावते, त्यामुळे तेथे हा प्रश्नच येत नाही. मीही आता म्हणते. म्हणताना दर वेळी एक विचारावेसे वाटते: बाबा, रात्रीच्या फेरीत कसारा घाटातून गाडी सुखरूप आणल्यावर उतरताना कोणी तुम्हाला काही म्हणत असे का?

नोकरीच्या खात्रीविषयी बाबांनी जे विचारले त्याला गोड उत्तर माझ्याकडे नाही, पण घाबरण्यासारखेही काही नाही. येथे एवढे स्टुडिओ असण्याचे एक मोठे कारण म्हणजे ब्रिटिश कोलंबिया प्रांताचे सरकार या कामातल्या पगारांवर करसवलत देते. सोनी पिक्चर्स इमेजवर्क्सने २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातले आपले मुख्यालय येथे हलवले. त्याची दुसरी बाजू अशी की बरेचसे काम हॉलिवूडकडून येते, आणि २०२३ मध्ये तेथे लेखकांचा व पाठोपाठ नटांचा संप झाला तेव्हा येथली कामेही आटली. बहुतेक अॅनिमेटर एका चित्रपटापुरत्या करारावर असतात आणि तो संपला की दुसरा शोधतात. हे सगळे मला येण्याआधीच ठाऊक होते. संपाचे महिने घराने कसे काढायचे असतात हे मी आपल्याच घरात पाहिले आहे, तेव्हा मला कोणी वेगळे समजावण्याची गरज नाही. हे रागाने लिहिलेले नाही. वाचताना तसे वाटले तर आईने आवाज मऊ करून वाचावे.

आई, डोळे तपासून घेतले, नंबर वाढलेला नाही. पाठ दुखते हे मी दादाला सहज म्हणाले होते, त्याने ते तुला सांगायला नको होते. उशिरापर्यंत थांबणे रोज नसते, काम देण्याची तारीख जवळ आली की असते, आणि तेव्हा मी एकटी परतत नाही.

पैशांचे असे आहे. येथे किमान वेतन गेल्या जूनपासून ताशी १७.८५ डॉलर आहे आणि मला त्याहून थोडे जास्त मिळते, पण जवळजवळ निम्मे खोलीच्या भाड्यात जाते. तरी काही शिल्लक पडते. मी या आठवड्यात ६०,००० रुपये बाबांच्या खात्यावर पाठवत आहे. ते बँकेच्या कर्जात भरू नयेत; तो हप्ता शिक्षण संपल्यावर सुरू होईल आणि तो मी भरीन. या पैशांतून आईच्या पाटल्या पतसंस्थेतून सोडवाव्यात. दादाच्या लग्नात त्या तिच्या हातात असायला हव्यात. “तुझे तुलाच लागतील” हे तुमचे वाक्य मला पाठ आहे, ते लिहून पाठवू नये.

लग्नाचेही आता लिहायलाच हवे. १७ मेपासून अधिक महिना लागतो म्हणून गुरुजींनी त्याआधीचा मुहूर्त काढला हे मला पटते, आणि मुलीकडच्यांनाही तोच सोयीचा आहे. मला मात्र येता येणार नाही. त्याच पंधरवड्यात आमचे काम हातावेगळे व्हायचे आहे, आणि उमेदवारीत असताना तीन आठवड्यांची रजा मागितली तर पुढच्या कराराचा विषयच निघणार नाही. दादाला मी अजून सांगितलेले नाही. पाठवलेल्या रकमेत माझ्या तिकिटासाठी साठवलेले पैसे आहेत हे त्याच्या कानावर जाऊ देऊ नये, नाहीतर तो पाटल्यांऐवजी तिकीटच काढून बसेल. करवली म्हणून चुलत बहिणीला उभी करा. माझी पैठणी तिला होईल, ब्लाउज तेवढा उसवावा लागेल. सीमांतपूजनापासून सगळे मला व्हिडिओवर दाखवा. येथे मध्यरात्र असेल, पण मी जागी राहीन.

आत्याने सुचवलेल्या स्थळाबद्दल: मुलगा टोरंटोला आहे म्हणजे “तुझ्या जवळच” आहे, असे तिने म्हटले. माझ्यापासून टोरंटो विमानाने सुमारे साडेचार तास आहे आणि तेथले घड्याळ तीन तास पुढे आहे. मी नाही म्हणत नाही. जूनपर्यंत हा विषय काढू नये, एवढेच म्हणते.

आजीला नमस्कार. तिची गोळी सकाळची सकाळीच घ्यावी.

तुमची,
ताई

ता. क. माझा फोटो तोवर कोणाला पाठवू नये. विशेषतः तो निळ्या साडीतला.