आईची वही

बंड्या,

दिवाळीत तुझा फोन आला होता आणि मी उलट केला नाही, त्याबद्दल ज्या काय शिव्या घालायच्यात त्या हे वाचून झाल्यावर घाल. तब्येत ठीक, शुगर आटोक्यात, गोळ्या चालू.

या वर्षी मी वाचनाचा सपाटाच लावला होता. हाताला लागेल ते. लीळाचरित्र, गोडसे भटजींचा माझा प्रवास, बलुतं, युगान्त, मध्येच बनगरवाडी परत (आणि कोसलापेक्षा ती भारी हे माझं मत अजून तेच आहे, तू काय वाटेल ते म्हण). पण लक्ष्मीबाई टिळकांचं स्मृतिचित्रे मात्र आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर महिनाभर वाचायला बंदी होती. तू होस्टेलवर त्या पुस्तकाला चुलीपुढच्या गप्पा म्हणाला होतास आणि आपण दोन दिवस बोललो नव्हतो, आठवतंय? आई तर ऐकताना इतकी हसायची की चहा उतू जायचा. लक्ष्मीबाईंचे यजमान टिळक न सांगता घरातून निघून गेले असं आलं की म्हणायची, "हं, आता ही बाई काय करते बघ."

डोळा बरा झाल्यावर तिने वही मागितली. दोनशे पानी, आखीव. मला वाटलं हिशोबाला हवी असेल. परवा तिने ती माझ्या हातात दिली, पूर्ण भरलेली, आणि म्हणाली हे टाईप करून घे, माझ्या पंचाहत्तरीला सगळ्यांना एकेक प्रत द्यायची.

बंड्या, त्यात ती रात्र आहे. बाबांची नोकरी गेली त्या वर्षीची, तू बारावीच्या अभ्यासाला आमच्याकडे राहायला होतास तेव्हाची. एक ओळ तिने इतकी दाबून खोडलीय की कागद फाटलाय, आणि खाली तीच ओळ परत लिहिलीय, "ह्यांनी ताट भिरकावलं." पुढे लिहिलंय, "बंड्याने ताट उचलून मोरीत ठेवलं, खाली सांडलेलं पिठलं पुसलं आणि काही न बोलता जेवला." बस्स. बाबांना एक वाकडा शब्द नाही, पण झाकलेलंही काही नाही. ते वाचून मी किती वेळ नुसता वही धरून बसलो होतो.

आता आत्या येणार, काका येणार, बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, सगळ्यांच्या तोंडी ते देवमाणूस. होतेही रे, बाकीचं आयुष्यभर. पोरं आजोबांबद्दल हे पहिल्यांदा वाचणार. टाईप करताना तेवढं पान गाळलं तर आईला कळेल का, असं मनात आलं आणि लगेच गोडसे भटजी आठवले. त्यांचं हस्तलिखित चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापलं तेव्हा त्यात काटछाट केली, बदल केले, आणि भटजींनी लिहिलं होतं तसं पुस्तक लोकांच्या हाती पडायला १९६६ साल उजाडलं, दत्तो वामन पोतदारांनी काढलं तेव्हा. म्हणजे जवळजवळ साठ वर्षं. आईकडे कुठली आलीत साठ वर्षं?

आणि दुसरं म्हणजे, मला ती आमटी आठवते. भिंतीवरचा पिवळा ओघळ डोळ्यांसमोर आहे माझ्या, आई म्हणते पिठलं. लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या एकाच प्रसंगाच्या वेगवेगळ्या आठवणी मिळतात, त्यांना वासना म्हणतात आणि त्या शेजारी शेजारी नोंदवलेल्या आहेत, कुणाचीच पुसलेली नाही. त्या रात्री स्वयंपाकघरात आपण चौघंच होतो, त्यातले बाबा गेले. आई आणि मी बोललो, राहिलास तू. इतकी वर्षं तू त्यावर एक अक्षर काढलेलं नाहीस, मीही कधी विचारलं नाही, आता विचारतो.

वहिनींचा गुडघा कसा आहे? चिऊचं ॲडमिशन झालं का? नागपूरची बदली टळली असेल तर पार्टी दे.

तुला काय आठवतंय ते लिही, चार ओळी का होईना, पण स्वतःच्या हाताने लिही, फोनवर नको. टायपिंगवाल्याला पुढच्या सोमवारी वही द्यायचीय. आईला विचारलं, बंड्याचं नाव ठेवायचं ना? तर म्हणाली, "त्यालाच विचार. आणि म्हणावं, त्या रात्री तो अर्धपोटी उठला होता, मला माहितीय."

तुझाच,
पश्या