पडद्यावरची रेघ तपासायला शिकवणाऱ्या ताईंना

आदरणीय इंजिनिअर ताई,
सप्रेम नमस्कार.

किडनीतली गाठ गोठवून मारताना तयार होणारा बर्फाचा गोळा सीटी स्कॅनवर सगळ्यांनाच दिसतो. प्रोब, म्हणजे गोठवणारी सुई, तिथवर अचूक पोहोचावा म्हणून तुम्ही आमच्या हाताला लावलेली शिस्त मात्र कुठल्याच अहवालात येत नाही. म्हणून हे जाहीर पत्र.

नेव्हिगेशनचं यंत्र आधी घेतलेल्या सीटीच्या नकाशावर सुईची वाट रेघेने दाखवतं. ती रेघ गाठीच्या मधोमध आली की पोहोचलो असं वाटतं. पण तो नकाशा काही मिनिटांपूर्वीचा असतो, हे तुम्ही बजावत राहिलात. श्वासाबरोबर किडनी एक-दोन सेंटिमीटर सहज सरकते. म्हणून नियोजनाचा सीटी ज्या टप्प्यावर श्वास थांबवून घेतला, त्याच टप्प्यावर सुई पुढे न्यायची. यंत्राला जागा कळावी म्हणून लावायच्या त्वचेवरच्या खुणा रुग्णाला पालथं झोपवल्यानंतरच चिकटवायच्या, आणि एका ओळीत नाहीत.

कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनवर भाग उठून दिसावा म्हणून द्यायचं औषध, न देता घेतलेल्या सीटीत गाठ बरेचदा दिसतच नाही, मग जुना कॉन्ट्रास्ट सीटी त्यावर बसवावा लागतो. तो उताण्या स्थितीतला असतो आणि पालथं झाल्यावर किडनी वळते. मणके जुळले म्हणजे किडनी जुळली असं नाही. जुळणी किडनीच्या कडेवरूनच करायची. ही एक गोष्ट जरी तुम्ही शिकवली असती, तरी आम्ही ऋणी राहिलो असतो.

सुईच्या वाकण्याचं गणितही तुमचंच. जागा सांगणारा सेन्सर सुईच्या मुठीत असेल तर सुई सरळच आहे असं यंत्र धरून चालतं. दिशा 3 अंशांनी चुकली, तर 15 सेंटिमीटर खोल असलेलं टोक जवळजवळ 8 मिलिमीटर भरकटतं. बर्फाच्या कडेला तापमान शून्याच्या आसपास असतं, पेशी खात्रीने मरायला उणे 20 किंवा त्याहून खाली जावं लागतं. त्यासाठी बर्फ गाठीबाहेर किमान 5 मिलिमीटर न्यायचा असतो. ती सगळी जागा हे 8 मिलिमीटर खाऊन टाकतात.

आतडं जवळ असलं की मध्ये थोडं कॉन्ट्रास्ट मिसळलेलं सलाईन सोडून ते दूर ढकलतात. त्या पाण्याने किडनीही हलते, पण पडद्याला त्याचा पत्ता नसतो. सलाईन सोडलं की जुना नकाशा बाद, नवा सीटी घ्यायचा, हा तुमचा नियम. पहिला प्रोब किंचित गोठवून रुतवला की किडनी स्थिर राहते, मग एक-दीड सेंटिमीटरवर पुढचे. मात्र गोठलेला प्रोब ओढायचा किंवा पिळायचा नाही. बर्फाला तडा गेला तर रक्तस्राव होतो.

पुढे 10 मिनिटं गोठवणं, आठेक मिनिटं वितळवणं, पुन्हा 10 मिनिटं गोठवणं. हे आम्हाला येतच होतं. गोठवण्यासाठीचा आरगॉन गॅस सोडण्याआधी सगळ्या प्रोबची टोकं दाखवणारा एक शेवटचा सीटी घ्यायचा, ही सवय मात्र तुम्ही लावलीत. त्याची आता कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही, ताई.

तुमचे,
इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीतले (स्कॅन बघत सुईने उपचार करणारे) आम्ही सगळे