आवाहन : अनाथ मुलांच्या गोष्टींसाठी पुस्तकं हवीत, वाचणारी माणसं हवीत, आणि एक कपाट

सर्व नाशिककरांना नमस्कार आणि आपल्या मंडळीतल्यांना जय ख्रिस्त!

शरणपूर रोडच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिला मंडळ आणि तरुण संघ मिळून दर शनिवारी दुपारी ४ वाजता हॉलमध्ये सतरंज्या टाकतो आणि पोरांना मोठ्याने वाचून दाखवतो. पोरं म्हणजे संडे स्कूलची, आजूबाजूच्या वस्तीतली, आणि जवळच्या एका बालगृहातली, ती अधीक्षकांची परवानगी घेऊन त्यांच्या ताईंसोबत येतात. सध्या वाचतोय त्या ख्रिस्ती ऐतिहासिक कादंबऱ्या, ज्यात अनाथ मुलांना कुठेतरी घर मिळतं. एका ताईंनी अमेरिकेतल्या लेकीकडून येताना दोन-तीन आणल्या आणि तिथून हे सुरू झालं. आता पोरं सोडायला तयार नाहीत आणि आमच्याकडची पुस्तकं संपली, म्हणून ही पोस्ट.

ज्यांना विषय माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. न्यूयॉर्कमध्ये हजारोंनी मुलं रस्त्यावर झोपायची, काहींना आईबाप नव्हते आणि काहींचे असून सांभाळायची ऐपत नव्हती. चार्ल्स लोरिंग ब्रेस नावाच्या पाळकाने १८५३ मध्ये संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी मुलांची पहिली तुकडी रेल्वेने मिशिगनमधल्या डोवाजॅक गावाला पाठवली, तिथल्या शेतकरी कुटुंबांनी त्यांना घरात घ्यावं म्हणून. हे १९२९ पर्यंत चाललं, साधारण २ लाख मुलं अशी गेली. गावात गाडी आली की मुलांना चर्चमध्ये नाहीतर टाउन हॉलमध्ये रांगेत उभं करायचे आणि लोक येऊन निवडायचे, कुणी दंड दाबून बघायचं कामाला येईल का म्हणून. कॅथलिक नन्सनी पाठवलेल्या बाळांची घरं मात्र आधीच ठरलेली असायची, बाळाच्या कपड्यावर नंबर लावलेला आणि तोच नंबर घेणाऱ्या कुटुंबाच्या हातात.

कादंबऱ्या यावरच्या. खरं सांगायचं तर बऱ्याच कादंबऱ्यांचा शेवट दहाव्या पानावरच कळतो, एक तुसडा शेतकरी असतो, एक हट्टी पोर असते, मध्ये एक बर्फाचं वादळ येतं आणि नाताळपर्यंत सगळं गोड होतं. तरी आम्ही मोठी माणसं पण डोळे पुसतो ते वेगळं. पुस्तकं इंग्रजीत आहेत, त्यामुळे आमच्या एक रिटायर्ड बाई एकेक परिच्छेद मनात वाचून लगेच मराठीत सांगतात, त्यात प्रेअरी आली की "सिन्नरच्या पुढे माळ लागतो ना, तसं, फक्त संपतच नाही" असं म्हणून पुढे जातात, आणि पोरांना ते बरोबर दिसतं.

पण मागच्या महिन्यात एका पुस्तकात बहीण एका घरी आणि धाकटा भाऊ दुसऱ्या घरी दिला. बालगृहातली एक सहावीतली मुलगी तिथेच म्हणाली, बाई थांबा, त्यांनी दोघांना एकत्र का नाही मागितलं? बाईंनी पुस्तक खाली ठेवलं आणि खरं ते सांगितलं, की अशी भावंडं पुष्कळदा तुटली, काही मुलांना लेकरू म्हणून नाही तर गडी म्हणून नेलं, काही पळून गेली, आणि काहींना खरंच जीव लावणारे आईबाप मिळाले. नंतर आमच्यात यावरून जरा वादही झाला, असं काही वाचावंच का या मुलांपुढे. माझं मत स्पष्ट आहे, वाचावं, कारण खोटं गोड त्यांना आपल्याआधी ओळखू येतं, फक्त वाचणाऱ्याने तयारीने यावं.

आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. अमेरिकेच्या गाड्या कळल्या, पण आपण बसतो त्या शरणपूरचं काय? १८५० च्या दशकात सीएमएस (चर्च मिशनरी सोसायटी) या इंग्रज मिशनने हे गाव वसवलं. अरबी समुद्रात इंग्रजांच्या आरमाराने गुलामांची गलबतं पकडली की सुटलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवायचे आणि त्यातली कितीतरी इथे नाशिकला यायची, शिकायची, सुतारकाम लोहारकाम करायची. जेकब वेनराइट त्यातलाच. १८७३ मध्ये प्रसिद्ध मिशनरी-प्रवासी डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या पार आतल्या गावात वारले, तेव्हा त्यांच्या मातीची प्रार्थना वाचली ती या आपल्या शरणपूरला शिकलेल्या पोराने, झाडावर नाव कोरलं त्यानेच, आणि पुढे लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात लावणाऱ्यांत तो होता. १८७५ मध्ये पूर्व आफ्रिकेत मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी फ्रियरटाउन हे गाव वसलं ते शरणपूरच्याच प्राइससाहेबांच्या हातून, आणि इथले बरेच जण तिकडे गेले. मग दुष्काळ. पंडिता रमाबाई स्वतः दुष्काळात आईबाप गमावलेल्या, त्यांनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या आणि पुण्याजवळच्या केडगावला त्यांचं घर झालं. ही सगळी कादंबरीचीच सामग्री आहे हो, आणि आमच्या कपाटात यावर पोरांना वाचून दाखवता येईल असं मराठीत एक पुस्तक नाही. बाबा पद्मनजींनी १८५७ मध्ये, मराठीत कादंबरी हा प्रकारच नवा होता तेव्हा, विधवांच्या हालावर कादंबरी लिहिली, आणि आपण अजून कॅन्ससच्या मक्याच्या शेतात फिरतोय!

तर काय हवंय ते सांगते.

पुस्तकं, अनाथ मुलं आणि त्यांना मिळालेलं घर या विषयावरची, मराठी असली तर सोन्याहून पिवळं, इंग्रजी-हिंदी पण चालतील, जुनी चालतील पण पानं पूर्ण हवीत. कृपया एमपीएससीची गाइडं, मागच्या वर्षीच्या डायऱ्या आणि वाळवी लागलेले गठ्ठे आणू नका, मागच्या वेळी अर्धा टेम्पो रद्दीवाल्याकडे गेला.

वाचणारी माणसं, ही पैशापेक्षा जास्त हवीत. महिन्यातून एक शनिवार दिला तरी पुरे. इंग्रजी वाचून सहज मराठीत सांगता येणारे कॉलेजचे मुलंमुली असतील तर फारच छान, आवाज जरा मोठा हवा कारण हॉलचे पंखे फार आवाज करतात.

लिहिणारे. शरणपूरच्या एखाद्या मुलाची गोष्ट चार-पाच पानांत, पोरांना कळेल अशी. ज्यांच्या घरात पणजोबा-पणजी दुष्काळात मिशनकडे आलेली लेकरं होती त्यांनी आठवणी, जुने फोटो, बाप्तिस्म्याचे दाखले घेऊन या, तिथेच तुमच्यासमोर स्कॅन करून लगेच परत देऊ. नाशिकरोड, देवळालीच्या जुन्या कुटुंबांना खास विनंती.

आणि कपाट. सध्या पुस्तकं वेदीच्या वस्त्रांच्या ट्रंकेत आहेत आणि त्यावरून बोलणी खावी लागतात. सेकंड हँड लोखंडी कपाट ८-९ हजारात मिळतंय, थोडे जमलेत, बाकी तुम्ही. ५० रुपये दिले तरी खजिनदार पावती देतील, पण ८०जी आमच्याकडे नाही, टॅक्ससाठी देणार असाल तर आधीच सांगून ठेवलेलं बरं.

दोन गोष्टी मनाला लावून घेऊ नका. बालगृहातल्या मुलांसोबत फोटो, रील, वाढदिवसाचा केक यातलं काही होणार नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात त्या मुलांची ओळख उघड करायला बंदी आहे, आणि कायदा नसता तरी आम्ही नाहीच म्हटलं असतं. दुसरं, "एखादं बाळ मिळेल का" असं विचारायला लोक येतात, भावना समजते, पण असं मूल दत्तक फक्त कारा या सरकारी संस्थेच्या पोर्टलवर नोंदणी करूनच घेता येतं, आमचं काम वाचायचं. आणि रस्त्यावर एखादं मूल एकटं दिसलं तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन लावा.

रविवारी उपासना झाल्यावर हॉलच्या दाराशी टेबल मांडून बसतो, पुस्तकं, पैसे, नावनोंदणी सगळं तिथेच. चर्चला येणारे असा किंवा नसा, कुणीही यावं. वाचायला येणाऱ्यांनी शनिवारी साडेतीनलाच या म्हणजे त्या दिवसाची पानं आधी चाळून होतील. कपाट नेमकं कुणाकडे पडून असेल तर पैसे नकोत, फक्त कळवा, तरुण संघाची पोरं टेम्पो घेऊन येतील.

– वाचन गटाच्या वतीने